पडण्याची भीती

गेल्या पावसाळ्यात ७४ वर्षांच्या एक आजी माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. मोरीत पाय घसरून पडल्या होत्या. हाड मोडले नव्हते, नुसता मुका मार होता. मी गोळ्या दिल्या आणि सवयीने म्हणालो, "आता जपून राहा, फार हिंडू नका."

चार महिन्यांनी मुलगा त्यांना धरून घेऊन आला. मार केव्हाच बरा झाला होता, पण आजींनी देवळात जाणे सोडले होते, तुळशीला पाणी घालणेही सोडले होते. घरचे प्रेमाने सगळे जागेवर आणून देत. मी खुर्चीतून उठायला सांगितले, तर पाय लटपटू लागले. "डॉक्टर, तुम्हीच तर हिंडू नका म्हणाला होतात," आजी म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हते.

पडण्याच्या भीतीने माणूस हालचाल कमी करतो. वापर नसला की मांड्यांचे स्नायू झिजतात, तोल सांभाळण्याची सवय मोडते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. कधीही न पडलेल्यांनाही ही भीती ग्रासते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांनी १९९० साली ही भीती मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. आंघोळ करणे, खुर्चीतून उठणे अशी रोजची १० कामे न पडता करता येतील, याची किती खात्री वाटते, एवढेच त्यात विचारतात.

यावर उपाय आहे. २०१९ साली १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नियमित व्यायामाने साठीपुढील लोकांचे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. त्यातही तोल सांभाळण्याचे आणि उठबस करण्याचे व्यायाम विशेष उपयोगी ठरतात.

भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून सावकाश उठावे, पुन्हा बसावे. सुरुवातीला पाच वेळा पुरे. ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. घरातले कोणी तरी जवळ उभे असावे. मोरी कोरडी ठेवावी, तिथे धरायला दांडी बसवावी. सरकणारी पायपुसणी काढावीत, रात्री छोटा दिवा लावून ठेवावा. चक्कर येत असेल, वरचेवर पडणे होत असेल किंवा झोपेची गोळी चालू असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. मोतीबिंदूची तपासणीही लांबणीवर टाकू नये.

आजी आता नातीचा हात धरून तुळशीपर्यंत जातात. भीती पुरती गेलेली नाही, पण पायांत बळ येत आहे. घरच्यांना माझे एवढेच सांगणे आहे : म्हाताऱ्या माणसाला पाणी जागेवर आणून देऊ नका, माठापर्यंत त्यांच्यासोबत चाला. आणि "हिंडू नका" हा सल्ला मी आता सोडून दिला आहे.