निवडणुकीचे ऋतुमान

१ जून २०२४ रोजी अठराव्या लोकसभेच्या निवडणुकीचा सातवा आणि अखेरचा टप्पा पार पडला आणि सात राज्ये व चंडीगड मिळून ५७ मतदारसंघांत मतदान झाले. सरकारी कागदावर हा एकच दिवस असला, तरी हवामानाच्या हिशेबाने ते निदान तीन निरनिराळे दिवस होते. हिमाचल प्रदेशाच्या स्पिती खोऱ्यात १५,२५६ फूट उंचीवर असलेल्या ताशीगंगमध्ये, जेथील मतदान केंद्र जगातील सर्वांत उंच मानले जाते, जूनमध्येही गरम कपड्यांवाचून भागत नाही. बंगालच्या सुंदरबन परिसरात २६ मेच्या रात्री धडकलेल्या ‘रेमाल’ चक्रीवादळाला आठवडाही उलटला नव्हता. आणि पूर्व उत्तर प्रदेश व बिहारचे मैदान उष्णतेच्या लाटेत होरपळत होते. केरळात मोसमी पाऊस ३० मे रोजीच दाखल झाला होता, पण तेथील मतदार २६ एप्रिललाच घामाघूम होऊन मत देऊन मोकळे झाले होते.

या विषमतेचे मूळ समुद्र, उंची आणि वारे या तिहींत आहे. मे महिन्यात जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, त्यामुळे किनारपट्टीवर दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि पारा आवरला जातो. चंद्रपूर किंवा वाराणसीपर्यंत हा दिलासा पोहोचत नाही, उलट वायव्येकडून येणारी कोरडी झळ, जिला उत्तरेत ‘लू’ म्हणतात, तेथील दुपार अधिकच कडक करते. म्हणूनच भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेसाठी एकच आकडा वापरत नाही: मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश सेल्सिअसला पोहोचल्यावर, ते त्या जागेच्या सरासरीपेक्षा किती वर गेले आहे, हे पाहून लाट ठरवली जाते. किनाऱ्यावरचा आकडा कमी असण्याचे कारण असे, की दमट हवेत घाम सुकत नाही आणि तो सुकल्यावाचून शरीर थंड होत नाही. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे: हे तापमान झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, म्हणजे सावलीत मोजलेले असते, तर शाळेच्या पटांगणात रांगेत उभ्या असलेल्या मतदाराच्या डोक्यावर मांडव असेलच अशी खात्री नसते.

महाराष्ट्रात २०२४ चे मतदान पाच टप्प्यांत, १९ एप्रिलला पूर्व विदर्भापासून २० मेला मुंबई-नाशिकपर्यंत झाले. विदर्भाच्या बहुतेक गावांत सकाळी सातलाच रांगा लागतात, बारा ते तीनच्या दरम्यान केंद्र ओस पडते आणि उन्हे कलली की गर्दी पुन्हा जमते. मतदान संपण्याच्या ठोक्याला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मताचा हक्क असल्याने, केंद्राध्यक्ष अशा वेळी सही केलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतो, आणि मागून कोणी घुसू नये म्हणून पहिली चिठ्ठी रांगेतल्या शेवटच्या माणसाला देऊन तेथून पुढे येतो. परंतु ऊन टाळून संध्याकाळ गाठणाऱ्याची गाठ अनेकदा वळवाशी पडते, कारण दिवसभर तापलेल्या जमिनीवर बाष्प मिळताच ढग चढतात ते दुपारनंतरच. १३ मे रोजी पुणे, जळगाव, बीड या भागांत मतदान चालू असताना मुंबईत धुळीचे वादळ उठले आणि घाटकोपरला कोसळलेल्या महाकाय फलकाखाली १७ जणांचा बळी गेला. मुंबईचे मतदान त्यानंतर आठवड्याने होते, हा निव्वळ योगायोग.

मतदार तासाभरात घरी परततो. कर्मचारी मात्र आदल्या दिवशी उन्हातच यंत्रे व साहित्य ताब्यात घेतो, रात्र केंद्रावर काढतो आणि दुसऱ्या रात्री ते जमा केल्यावरच सुटतो. उत्तर प्रदेशात अखेरच्या टप्प्यात निवडणुकीच्या कामावरील ३३ कर्मचारी उष्णतेने दगावल्याचे तेथील मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. यांत गृहरक्षक आणि सफाई कामगारही होते. दंगल किंवा नैसर्गिक आपत्ती ओढवल्यास मतदान तहकूब करण्याची तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे, पण वादळासारखे ऊन कोणत्याही एका क्षणी येऊन धडकत नाही, आणि म्हणून ते आपत्ती ठरवणार तरी कोण, हा प्रश्न उरतो. वेळ वाढवणे एवढाच उपाय सहसा हाती राहतो, जसे तेलंगणात करण्यात आले.

उन्हाळी निवडणूक ही भारतीय लोकशाहीची प्रथा आहे, असा समज आता रुळला असला तरी तो खरा नाही. १९६२ व १९६७ चे मतदान फेब्रुवारीत, १९७१ व १९७७ चे मार्चमध्ये, १९८० चे जानेवारीत, १९८४ चे डिसेंबरमध्ये आणि १९८९ चे नोव्हेंबरमध्ये झाले. १९९१ व १९९६ हे अपवाद. १९९९ ची निवडणूक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाल्याने पुढचीही पावसाळ्याच्या शेवटीच आली असती, परंतु वाजपेयी सरकारने फेब्रुवारी २००४ मध्ये लोकसभा मुदतीआधी विसर्जित केली आणि मतदान एप्रिल-मेमध्ये गेले. त्यानंतरच्या प्रत्येक लोकसभेने मुदत पूर्ण केली, त्यामुळे त्या एका राजकीय निर्णयाचे ऊन देश आजवर सोसतो आहे. सरकारचे स्थैर्य मतदाराच्या डोक्यावर असे तापावे, हा विनोद थोडा कडवटच म्हणायचा. मतदान महिनाभर आधी संपायला हवे होते, हे तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनीही ३ जून २०२४ रोजी मान्य केले.

ते कायद्यात बसते. सभागृहाची मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत केव्हाही अधिसूचना काढता येते; सध्याच्या लोकसभेची पहिली बैठक २४ जून २०२४ रोजी झाली असल्याने ही मुभा डिसेंबर २०२८ च्या अखेरीपासून मिळेल. मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळांच्या इमारती आणि शिक्षक, म्हणजे निवडणुकीचे निम्मे बळ, दहावी-बारावीच्या परीक्षांत गुंतलेले असते, आणि हिमालयातील उंच खिंडी बर्फाखाली असतात. ही दुसरी अडचण जुनीच आहे: पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत किन्नौरमधील चिनी तहसिलीचे मतदान बर्फ पडण्याआधी, ऑक्टोबर १९५१ मध्येच उरकण्यात आले होते, आणि तेथील मतदार देशाच्या बहुतेक भागाच्या मतदानाची वाट पाहत हिवाळाभर थांबले होते.