अज्जीची जुट्टुवाली कोंबडी

मामंजी गेले आणि बैलहोंगलकडच्या गावातले घर बंद झाले. सासूबाई कायमच्या बेळगावात आमच्याकडे आल्या. येताना त्यांनी चार इरकली लुगडी आणली. आठ कोंबड्या मात्र शेजारणीच्या अंगणात सोडून आल्या. फ्लॅटमध्ये कोंबडी कुठे ठेवणार? त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. एक अक्षर बोलल्या नाहीत हेच खरे दुखणे होते. गॅलरीत बसायच्या, जेवायला हाक मारली की यायच्या.

माझा बारा वर्षांचा मुलगा त्यांचा लाडका, पण दोघांचे बोलणे "ऊटा आयता?" यापलीकडे जात नसे. घरात त्याची माझ्याशी मराठी, शाळेत इंग्रजी आणि पुस्तकातली कन्नड. अज्जीची गावाकडची कन्नड त्याच्या कानावरून जायची. ह्यांना वाईट वाटे. मलाही वाटे, कारण माझी मराठी त्याने उचलली होती आणि त्यांची भाषा मागे राहिली होती.

२०२५ च्या उन्हाळी सुट्टीत ही कोंडी फुटली, ती माइनक्राफ्ट या संगणकातल्या खेळामुळे. ठोकळ्यांचे जग रचायचा हा खेळ आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. त्यात कोंबड्याही आहेत. मार्च २०२५ पर्यंत सगळ्या एकाच पांढऱ्या रूपाच्या होत्या. त्या महिन्यात हवामानाप्रमाणे तीन प्रकार आले: समशीतोष्ण भागातली, उष्ण भागातली आणि थंड भागातली. उष्ण भागातली तपकिरी अंडी घालते, थंड भागातली निळी.

मुलाला स्वतःची जात काढायची होती. मी हायस्कूलला जीवशास्त्र शिकवते, म्हणून माझ्याकडे आला. खेळातली कोंबडी म्हणजे कागदी खोका उलगडून सपाट केल्यासारखे एक चित्र असते, आडवे ६४ आणि उभे ३२ चौकोन. डोके ४ चौकोन रुंद, ६ उंच, ३ जाड. चौकोन रंगवले, फाईल ठरलेल्या जागी ठेवली की खेळात तीच कोंबडी चालू लागते. याने जांभळी कोंबडी केली, मग एक चट्ट्यापट्ट्यांची. दोन्ही खेळण्यातल्या वाटत होत्या.

"तू खरी कोंबडी नीट पाहिलीस का रे कधी?" मी विचारले. गप्प बसला. मग लॅपटॉप घेऊन गॅलरीत गेला.

सासूबाईंनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हुंज एल्लैतो?"

कोंबडा कुठे आहे! प्रश्न अगदी बरोबर होता. या खेळात कोंबडा नाहीच. कुठल्याही दोघींना बिया चारल्या की पिल्लू होते, आणि मोठी झालेली प्रत्येक कोंबडी पाच ते दहा मिनिटांत एक अंडे घालते. अंडे फेकले तर आठात एकदा पिल्लू निघते आणि ते वीस मिनिटांत मोठे होते. हे भाषांतर करून सांगितल्यावर सासूबाईंनी बोटे मोजली. एकवीस दिवस! खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, दाण्यापाण्यापुरती उठते, हात लावला तर टोचते. वीस मिनिटे म्हणे!

त्या दिवशी त्या पहिल्यांदा मोकळ्या बोलल्या. त्यांना त्यांची एक कोंबडी काढून हवी होती. मुलगा विचारत गेला, त्या सांगत गेल्या, अडले तर मी मधे. रंग कसा? भिजलेल्या तांबड्या मातीसारखा. पाय? पिवळे, पण मळलेले. आणि मान बोडकी, पिसेच नाहीत. फक्त गळ्यापुढे पिसांचा एक झुबका. "जुट्टु," त्या म्हणाल्या. डोक्यावरच्या शेंडीचा शब्द त्यांनी गळ्याला लावला होता.

मी चमकले. बोडक्या मानेच्या कोंबड्या मी ऐकून होते. तो गुण एकाच जनुकाचा. आई आणि बाप दोघांकडून आला तर मान जवळपास पूर्ण उघडी. एकाकडूनच आला तर गळ्यापुढे असा झुबका राहतो. म्हणजे सासूबाईंच्या कोंबडीचे आईबाप वेगवेगळे होते, आणि ती दोघांच्या मधली होती. शेजाऱ्यांच्या बोडक्या कोंबड्याचे नाव घेऊन त्यांनी ते कबूलही केले!

इतकी वर्षे मी मेंडेलचे नियम वाटाण्यावर शिकवले. ते प्राण्यांनाही लागू पडतात हे इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवले होते. गुलाबासारखा तुरा आणि वाटाण्यासारखा तुरा यांचा संकर केला की पिल्लांना दोन्हींपेक्षा निराळा, अक्रोडासारखा तुरा येतो. त्यांच्या पुढच्या पिढीत चार प्रकारचे तुरे दिसतात, ९:३:३:१ या प्रमाणात. हे मी मुलाला कागदावर चौकट आखून दाखवले.

खेळात मात्र असे मधले काही नाही. दोन जातींची जोडी लावली तर पिल्लू चिठ्ठी टाकल्यासारखे कुणा एकाचेच रूप घेते. झुबका आपोआप येत नाही, रंगवावाच लागतो. खेळातल्या कोंबडीला वेगळी मानही नाही. म्हणून डोक्याच्या ठोकळ्याचा खालचा भाग त्याने लालसर केला आणि पुढे पाच-सहा चौकोन तांबूस. ही जात त्याने समशीतोष्ण कोंबडीच्या जागी ठेवली.

मग एक अडचण आली. सासूबाईंच्या कोंबडीच्या डाव्या पंखात एकच पांढरे पीस होते. मुलाने ते रंगवले, तर उजव्या पंखातही उमटले, कारण खेळात दोन्ही पंखांना एकाच जागेचा रंग लागतो. त्याने खूप खटपट केली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, राहू दे, ही तिची बहीण.

हुंजाचा हट्ट मात्र त्यांनी सोडला नाही. मुलाने उष्ण भागातल्या कोंबडीच्या चित्रावर कोंबडा रंगवला: काळीनिळी शेपटी, लाल तुरा, डोळ्यांत राग. पडद्यावर तो ऐटीत चालू लागला. सासूबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. सात-आठ मिनिटे गेली असतील. कोंबड्याने एक तपकिरी अंडे घातले.

"हुंज तत्ती इडतैतेनो?" असे म्हणून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. मामंजी गेल्यानंतर ते पहिले हसू. मला वाक्य समजावून सांगावे लागले नाही. मुलगा आधीच हसत होता.

आता तो त्यांच्याशी त्यांच्याच कन्नडमध्ये बोलतो, निम्मे शब्द मराठी घालून. पूर्वी मला वाटायचे, मूल एका बाजूचे झाले. पण आमचे घर काही त्या खेळातल्यासारखे चिठ्ठी टाकून चालत नाही. थोडा झुबका राहतोच.

दिवाळीत आम्ही गावी जाऊन आलो. जुट्टुवाली राहिली नव्हती. शेजारणीने सांगितले, कुत्र्याने नेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. परत येताना गाडीत त्यांनी नातवाला विचारले, "ती तुझ्याकडची आहे ना रे अजून?"

आहे, तो म्हणाला. आणि घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी त्याने लॅपटॉप उघडून दाखवला.