‘पण बेट कुणाचं होतं?’

शेक्सपिअर म्हटला की आपल्याकडे कॉलेज आठवते, गाइड आठवते आणि मार्क आठवतात. पैसे मोजून नाटकाला येणाऱ्या साध्या माणसांसाठीही हा गृहस्थ लिहीत होता, हे मात्र आपण विसरतो. म्हणूनच या पावसाळ्यात दिघ्यातील आमच्या वस्तीतल्या चार-पाच घरांनी मिळून त्याचे ‘टेम्पेस्ट’ हे नाटक निव्वळ करमणूक म्हणून मोठ्याने वाचले. रविवारी दुपारी, जेवणे उरकल्यावर. बाहेर पारसिकच्या डोंगरावरून पाऊस उतरत होता आणि नाटकाची सुरुवातही वादळानेच होते.

मराठीला हे नाटक नवे नाही. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८७५ साली ते मराठीत आणले. ग्रँट डफच्या इतिहासावर टीका करणारे तेच हे कीर्तने. पुढे मंगेश पाडगावकरांनी ‘वादळ’ या नावाने अनुवाद केला. आम्ही तोच घेतला. पाच अंकांत मिळून अवघे नऊ प्रवेश. त्यामुळे तीन रविवारांत नाटक संपते.

मिलानचा ड्यूक प्रॉस्पेरो पुस्तकांत इतका बुडालेला की राज्य भावाच्या हाती सोपवून बसला. भावाने नेपल्सच्या राजाशी संगनमत करून त्याला तीन वर्षांच्या मुलीसह समुद्रात सोडून दिले. एका भल्या म्हाताऱ्याने होडीत अन्नपाणी आणि त्याची पुस्तके ठेवली, म्हणून तो जगला. बारा वर्षांनी तेच शत्रू जहाजातून बेटाजवळून जातात. प्रॉस्पेरो मंत्रविद्येने वादळ उठवतो आणि सगळे त्याच्या तावडीत सापडतात. आता सूड घेणार की सोडणार?

आमच्यातील एका आजोबांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली. जादूटोण्याविरुद्ध २०१३ मध्ये राज्याने कायदा केला, मग हे मंत्रतंत्र आपल्या घरात कशाला? पण दुसऱ्या रविवारी तेच चष्मा पुसून सर्वांच्या आधी हजर. कारण येथील जादूगाराचे सारे बळ पुस्तकांत आहे. त्याच्यावर उठणारा गुलाम कॅलिबान साथीदारांना बजावतो की आधी त्याची पुस्तके ताब्यात घ्या. पुस्तकांवाचून तो आपल्यासारखाच. या ठिकाणी आजोबांनी वाचन थांबवायला लावले आणि तो भाग पुन्हा ऐकला. पुस्तकाचे बळ काय असते हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

खरा वाद पेटवला तो एका मावशींनी. डाळ निवडता निवडता त्यांनी विचारले, “ते सगळं ठीक आहे, पण बेट कुणाचं होतं?”

कॅलिबान आपल्या आईच्या नात्याने बेटावर हक्क सांगतो. गोड्या पाण्याचे झरे, सुपीक जागा त्यानेच प्रॉस्पेरोला दाखवल्या. मोबदल्यात त्याला लाकडे वाहण्याचे काम मिळाले, आणि भाषा शिकवल्याचे उपकारही वर ऐकावे लागले. दिघ्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. येथील ९९ अनधिकृत इमारतींचा विषय उच्च न्यायालयात गाजला, २०१५ मध्ये त्यांवर हातोडाही पडू लागला; घर कुणाचे, जमीन कुणाची, हे येथे पोरेसोरेही बोलतात. कॅलिबान मात्र साधूसंत नाही. त्याने प्रॉस्पेरोच्या मुलीवर हात टाकला होता, आणि त्याची त्याला खंतही नाही. आमच्या बायकांनी ते माफ केले नाही. “हक्क त्याचाच, पण ह्या गोष्टीला माफी नाही,” असा मावशींचा निवाडा. आम्हाला तो अनेक समीक्षकांच्या निवाड्यापेक्षा सरळ वाटला.

हाच प्रश्न दूर दक्षिण आफ्रिकेतही कुणी ओळखला होता. रॉबेन बेटावरील तुरुंगात सनी वेंकटरत्नम या राजकीय कैद्याकडे शेक्सपिअरचा ग्रंथ होता. पहारेकऱ्यांना तो धर्मग्रंथ वाटावा म्हणून त्यावर दिवाळीची भेटकार्डे चिकटवलेली. कैद्यांनी आवडत्या ओळींवर खुणा करून सह्या केल्या. नेल्सन मंडेला यांनी १६ डिसेंबर १९७७ रोजी ‘ज्युलियस सीझर’मधील उतारा निवडला. बिली नायर यांनी मात्र कॅलिबान बेटावर हक्क सांगतो तीच जागा निवडली. मार्टिनिकचे कवी एमे सेझेर यांनी तर १९६९ साली हे नाटक कॅलिबानच्या बाजूने नव्याने लिहिले.

सुडाचे काय झाले? प्रॉस्पेरोचा सेवक एरियल हा वाऱ्यासारखा जीव. तो सांगतो की कैद झालेल्यांची दशा पाहून, मी माणूस असतो तर मलाही कळवळा आला असता. प्रॉस्पेरो विरघळतो, शत्रूंना सोडतो, जादूचे पुस्तक बुडवण्याचे ठरवतो. वाचणाऱ्या कॉलेजकन्येचा आवाज येथे जरा कापरा झाला. मात्र ज्या भावाने राज्य लुबाडले तो शेवटपर्यंत पश्चात्तापाचा शब्द काढत नाही. अशाला सोडणे ही क्षमा की राज्यकर्त्याचा शहाणपणा, यावर चहाचे दोन आधण झाले.

शेवटी प्रॉस्पेरो मिलानला निघतो. कॅलिबान त्याच्याबरोबर जातो की बेटावर राहतो, हे शेक्सपिअरने लिहिलेलेच नाही. आजोबा म्हणतात, नेला असणार. फुकटचा नोकर कोण सोडतो? मावशी म्हणतात, राहिला असणार. झरे त्यालाच ठाऊक होते.