साखळीची ओढ

फटफटीची मूठ पिळली की तिची मागची बाजू खाली बसते, असे आपण धरून चालतो. वेग घेताना भार मागे सरकतो, तेव्हा ती बसायला हवीच. पण पुष्कळदा ती बसत नाही!

इंग्लंडात १९४९ साली विक्रीस आलेल्या बुलेटप्रमाणे मागचे चाक झुलत्या दांड्यावर असते. त्या दांड्याची खीळ जमिनीपासून ३६ सेंटिमीटर उंच आहे असे समजू. रस्ता चाकाला १०० किलोंच्या जोराने पुढे रेटतो. हा रेटा खिळीच्या खाली लागतो, म्हणून तो चाक खाली आणि गाडी वर ढकलतो. त्याचे माप ३६००. साखळीचा ताण मात्र याच्या तिप्पट, कारण चाकाच्या मानाने मागचे दातेरी चक्र लहान. ती खिळीच्या ४ सेंटिमीटर वरून ओढते, म्हणून गाडी बसवते, माप १२००. मागे सरकलेला ४५ किलो भार ५० सेंटिमीटर दांड्यावरून आणखी २२५० ने बसवतो. बेरीज करा: झुंज जवळजवळ बरोबरीत सुटते. (आकडे आम्ही सोयीचे घेतले, हे कबूल.)

आता मागे एक धिप्पाड पाहुणा बसवा. खीळ खाली येते, साखळी तिच्यापासून आणखी वर जाते. उचलणारे माप घटते, बसवणारे वाढते. घाटाच्या वळणावर मूठ पिळताच मागची बाजू बसते, पुढचे चाक हलके पडते आणि गाडी वळणाबाहेर ओढ घेते. माणूस मागे घेण्यापूर्वी स्प्रिंग एक खाच चढवतात, ती केवळ पाहुण्याच्या आरामासाठी नव्हे.