हिशेब वहीत ठेवावा की मोबाईलवर?



दिवाळीच्या सुमारास सोयाबीन विकून माणूस मोंढ्यातून घरी येतो. खिशात पट्टी असते, पैसे असतात. आठ दिवसांत कृषी सेवा केंद्राची उधारी, मळणीयंत्रवाल्याचे भाडे, सोयऱ्याकडून घेतलेले उसने असे देत देत खिसा रिकामा होतो. मग ओट्यावर बसून तो म्हणतो, "एवढं पिकलं, एवढं विकलं, मग पैसा गेला कुठं?" याचे उत्तर लिहून ठेवलेला हिशेबच देऊ शकतो. तोंडी हिशेब दोन महिन्यांत विसरतो.

आता मोबाईल घरोघर आला. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून पेरा आपणच मोबाईलवर नोंदवतो. दुकानात पैसेही मोबाईलवरून देतो. म्हणून आता पुष्कळ जण, विशेषतः घरातली शिकलेली मुले, विचारतात की हिशेबासाठी कोणते अ‍ॅप घ्यावे? या पत्रकात त्याचाच विचार करू.

हिशेबाकडून काय पाहिजे?

बैल घ्यायला बाजारात जाताना आपण आधी काम ठरवतो. अवताला पाहिजे की गाडीला? अ‍ॅपचेही तसेच आहे. शेतकऱ्याच्या हिशेबाने तीन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत:

१. कोणत्या पिकाला एकरी किती खर्च आला आणि किती उरले?
२. कोणाचे किती देणे आहे आणि ते कोणत्या तारखेला?
३. आज हातात असलेला पैसा पुढचे पीक येईपर्यंत घराला पुरेल का?

ही तीन उत्तरे जो हिशेब देईल तो चांगला, मग तो दहा रुपयांच्या वहीत असो की दहा हजारांच्या मोबाईलमध्ये.

एक उदाहरण मांडून पाहू

समजा, तीन एकर सोयाबीन आहे. खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला.

नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी — ९,००० रुपये
बियाणे — १०,५०० रुपये
खत — ६,००० रुपये
खुरपणी व तणनाशक — ६,००० रुपये
फवारणीची औषधे — ६,००० रुपये
काढणीचे गुत्ते — १२,००० रुपये
मळणी — ४,५०० रुपये
वाहतूक, हमाली, तोलाई — १,५०० रुपये
एकूण — ५५,५०० रुपये

माल झाला १८ क्विंटल आणि भाव मिळाला ४,२०० रुपये. म्हणजे ७५,६०० रुपये आले. वरवर पाहता २०,१०० रुपये उरले. पण थांबा. नवरा-बायको दोघांनी मिळून या रानात ४० दिवस राबले, त्याचे काय? दुसऱ्याच्या शेतात गेले असते तर रोज मिळाला असता. ३०० रुपये रोज धरला तरी १२,००० रुपये होतात. ते वजा केले तर खरा नफा ८,१०० रुपये, म्हणजे एकरी २,७०० रुपये.

घरची मजुरी धरणे हा हट्ट नाही. केंद्र सरकार हमीभाव ठरवताना उत्पादन खर्चात कुटुंबाच्या मजुरीची किंमत धरते. सरकार धरते, तर आपण आपल्याच वहीत का सोडावी?

आता एकूण ६७,५०० रुपयांना १८ ने भागा. क्विंटलला ३,७५० रुपये खर्च आला. हा आकडा पाठ असला म्हणजे मोंढ्यात सौदा होताना आपण कुठे उभे आहोत ते कळते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. आपला खर्च, बाजारभाव आणि हमीभाव हे तीन आकडे शेजारी ठेवले, तर माल आज विकायचा, हमीभाव केंद्रावर न्यायचा की थांबायचे, याचा निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतो. पुढच्या साली तिन्ही एकरांत सोयाबीनच घ्यायचे की काही तूर, ज्वारी धरायची, हेही याच आकड्यावरून ठरते.

पगारदाराचे अ‍ॅप आपल्याला का बसत नाही?

पैशांच्या हिशेबाची बहुतेक अ‍ॅप शहरातल्या पगारदार माणसासाठी केलेली असतात. त्याचा पगार दर महिन्याला येतो. अ‍ॅप त्याला सांगते की या महिन्यात किराणा इतका, भाडे इतके, शिल्लक इतकी. आपले तसे नाही. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला बदलते, खरिपाचे साल मृगाला सुरू होते, आणि पैसा दिवाळीला नाहीतर हरभरा निघाल्यावर येतो. जून-जुलैमध्ये नुसता खर्चच असतो. अशा वेळी महिन्याचे अ‍ॅप लाल अक्षरात सांगते, "तुमचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आहे." ते काय आपल्याला ठाऊक नाही? उलट नोव्हेंबरात तेच अ‍ॅप मोठी शिल्लक दाखवते, आणि त्या शिलकीवर भुलून माणूस गाडीचा हप्ता बांधून बसतो. ती शिल्लक एका महिन्याची नसते, पुढच्या बारा महिन्यांची असते.

मोबाईलवर काय काय मिळते?

एक प्रकार उधारीच्या खात्याचा. 'खाताबुक' या जातीचे अ‍ॅप दुकानदारासाठी आहे. कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, हे त्यात नीट कळते. ट्रॅक्टर भाड्याने देणाऱ्याला किंवा दुधाचे रतीब घालणाऱ्याला ते उपयोगी पडते. पण पिकाचा एकरी खर्च काढणे हे त्याचे मूळ काम नव्हे.

दुसरा प्रकार घरखर्चाचा. यात खर्चाचे कप्पे करता येतात. कप्प्यांना 'सोयाबीन', 'कापूस', 'दवाखाना', 'शाळा' अशी आपली नावे देता आली आणि साल जूनपासून धरता आले, तर ते चालेल.

तिसरा प्रकार कोष्टकाचा. एक्सेल किंवा गुगल शीट्स यात रकाने आपणच आखायचे. आपल्या साला-हंगामाला हेच सर्वांत जवळ बसते. पण आखून द्यायला घरात कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी पाहिजे.

आणि चौथा प्रकार आपली वही. तिला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही. फक्त बेरीज आपल्याला करावी लागते.

अ‍ॅप घेण्याआधी सात प्रश्न विचारा

१. मराठी आहे का? घरातल्या सर्वांना वाचता आले पाहिजे. एकट्या मुलालाच कळत असेल, तर तो परभणीला शिकायला गेला की हिशेब बंद पडेल.

२. रेंज नसताना चालते का? जिंतूरकडच्या डोंगरी भागात आणि रानातही रेंज येते-जाते. नोंद तिथल्या तिथे झाली पाहिजे.

३. साल आपल्याला पाहिजे तेव्हा सुरू करता येते का? जून ते मे असा हिशेब निघत नसेल तर ते अ‍ॅप आपल्या कामाचे नाही.

४. पीकवार आणि गटवार खर्च वेगळा निघतो का? कापसाचे खत सोयाबीनच्या खात्यावर पडले तर हिशेब असून नसल्यासारखा.

५. रोख आणि उधार वेगळे लिहिता येते का? उधार आणलेले खत ज्या दिवशी आणले त्याच दिवशी खर्चात आले पाहिजे. ते दिवाळीला पैसे देताना आठवून उपयोग नाही.

६. हिशेब बाहेर काढता येतो का? फाईल करून जपता आला पाहिजे, कागदावर छापून घेता आला पाहिजे. अमेरिकेत 'मिंट' नावाचे हिशेबाचे साधन २००७ साली निघाले. पुष्कळ लोक त्यावर विसंबले. मार्च २०२४ मध्ये कंपनीने ते बंद केले आणि लोकांना वर्षांचा हिशेब उचलून दुसरीकडे न्यावा लागला. वही कोणी कंपनी बंद करत नाही. अ‍ॅप बंद होऊ शकते. म्हणून हंगाम संपला की एकूण आकडे कागदावर उतरवून ठेवा.

७. ते तुमच्याकडून काय मागते? हिशेब लिहिणाऱ्या अ‍ॅपला तुमच्या फोनमधली सोयऱ्या-धायऱ्यांची नावे आणि फोटो कशाला पाहिजेत? काही अ‍ॅप बँकेचे संदेश वाचून खर्च आपोआप लिहितात. ते सोयीचे वाटते. पण खुरपणीची, वेचणीची मजुरी आपण बहुधा रोखीने देतो. तिचा संदेश येतच नाही. म्हणजे आपला मोठा खर्चच त्यातून सुटतो. म्हणून परवानगी देताना दहादा विचार करा.

एक धोका स्पष्ट सांगायचा आहे

हिशेबाच्या नावाखाली "पाच मिनिटांत कर्ज" देऊ करणारी अ‍ॅप असतात. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी मोबाईलवरच्या कर्जाबाबत नियम घालून दिले. कर्जाचे पैसे सरळ कर्जदाराच्या बँक खात्यात आले पाहिजेत, आणि कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधली नावांची यादी, फाईली, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. जे अ‍ॅप हे मागते त्याला दारात उभे करू नका. पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नका. पैसे मिळण्यासाठी पिन घालावा लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा. फसगत झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

सुरुवात कशी करावी?

पहिला हंगाम वहीतच काढा. दोनशे पानांची एक वही घ्या. प्रत्येक पिकाला चार पाने, देण्या-घेण्याला चार पाने, घरखर्चाला उरलेली. तारीख, काम, रक्कम, रोख की उधार, एवढे चारच रकाने. रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटे बसा. बियाण्याची, खताची पक्की पावती वहीतच टाचून ठेवा. उगवण झाली नाही तर तक्रारीला तीच कामी येते.

ही वही घरातल्या बाईच्या हाती दिली तर अधिक चांगले. बचत गटाच्या पंचसूत्रीत हिशेब अद्ययावत ठेवणे हे एक सूत्रच आहे. गटात बसणाऱ्या भगिनींना ती सवय आहे. गटाचा हिशेब पैशा-पैशाला जुळतो, मग घरचा का जुळू नये?

देण्याच्या पानावर सर्वांत वर पीककर्जाची तारीख लिहा. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत सवलत मिळते. तारीख चुकली की ती जाते. आपल्या कर्जाची नेमकी तारीख बँकेत किंवा सोसायटीत विचारून लिहून घ्या.

पट्टीचे पैसे हाती आले की त्याच दिवशी त्यांचे चार भाग करा: देणे, पुढचे बी-खत, घरखर्च, आणि दुखणे-खुपणे. घरखर्चाच्या भागाला पुढचे पीक येईपर्यंतच्या महिन्यांनी भागा. जो आकडा येईल तोच आपला महिन्याचा पगार समजा. आकडा पुरत नसेल, तर ते मे महिन्यात सावकाराच्या दारात कळण्यापेक्षा दिवाळीतच कळलेले बरे. तेव्हा जोडधंद्याचा किंवा खर्च आवरण्याचा विचार करायला हातात वेळ असतो.

असा एक हंगाम झाला की आपल्याला काय काय लिहावे लागते ते कळेल. मग ती वही समोर ठेवून अ‍ॅप निवडा. वहीतले सगळे ज्यात बसते ते घ्या. बसत नसेल तर वही बदलू नका, अ‍ॅप बदला.

लक्षात ठेवा

• हिशेब पीकवार आणि एकरी ठेवा.
• घरची मजुरी खर्चात धरा.
• उधारी आणली त्याच दिवशी लिहा.
• साल जूनपासून धरा.
• अ‍ॅप फुकट आहे म्हणून घेऊ नका. सात प्रश्न विचारून घ्या.
• हंगामाच्या शेवटी एकूण आकडे कागदावर उतरवा.

हे पत्रक वहीच्या पहिल्या पानाला चिकटवून ठेवा, आणि या मृगाला पेरणीबरोबर हिशेबाचीही पहिली ओळ लिहा.