जागेपणाची पौर्णिमा

वैशाखी पौर्णिमा ही भगवान बुद्धांच्या जन्माची, संबोधीची आणि महापरिनिर्वाणाची तिथी म्हणून परंपरेने मानली जाते. आज विहाराविहारांतून वंदना होईल, पंचशील ग्रहण केले जाईल, घरोघरी खीर शिजेल. 'बुद्ध' या शब्दाचा अर्थच मुळी 'जागा झालेला' असा आहे. म्हणूनच आपण स्वतः कितपत जागे आहोत, हा प्रश्न आजच्या दिवशी मनाला विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वरवर पाहता आपण जागेच असतो. परंतु हात भाकरी थापीत असतात आणि मन कालच्या अपमानाशी भांडत असते. घास तोंडात जातो तेव्हा डोळे मोबाइलवर खिळलेले असतात. मूल काही सांगू पाहते; आपण हुंकार भरतो, ऐकत मात्र नाही. असे दिवसामागून दिवस हातचे निसटतात.

या बेसावधपणावर बुद्धांनी सांगितलेला उपाय म्हणजे 'सति'. संस्कृतातील 'स्मृती'चे हे पाली रूप होय. मात्र येथे गतगोष्टींची आठवण अभिप्रेत नसून, या क्षणी जे घडत आहे त्याचे भान अभिप्रेत आहे. मज्झिमनिकायातील सतिपट्ठानसुत्तात त्याची चार क्षेत्रे सांगितली आहेत : काया, वेदना, चित्त आणि धम्म. चालणे, बसणे, खाणेपिणे, बोलणे, इतकेच नव्हे तर मौनही त्यातून वगळलेले नाही. साधनेला अरण्यच हवे, ही आपली समजूत येथेच गळून पडते.

अवधानाचे हे मोल मराठी मनाला अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभ श्रोत्यांकडे अवधान मागूनच होतो, आणि आपल्या मंगलाष्टकांच्या अखेरीसही वधूवरांना 'सावधान' असे बजावले जाते. पुढे १९६९ साली सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातून विपश्यना भारतात आणली आणि १९७६ पासून इगतपुरीस दहा दिवसांची शिबिरे भरू लागली.

पण ज्यांना दहा दिवसांची सवड नाही, त्यांनी आरंभ कसा करावा? सकाळी पाचच मिनिटे पाठ ताठ ठेवून स्वस्थ बसावे. श्वास येतो आणि जातो, तो केवळ जाणावा. त्याला लांबवू नये, रोखू नये. मन पळेल, ते पळणारच. पळाल्याचे ध्यानी येताच त्यास न रागावता परत आणावे. हे परत आणणे हाच खरा अभ्यास होय. त्यानंतर दिवसातील एखादे नित्याचे काम, भांडी घासणे म्हणा वा जिना चढणे म्हणा, पूर्ण लक्ष देऊन करावे. ज्यांना मनाचा गंभीर आजार आहे, त्यांनी मात्र दीर्घ साधनेपूर्वी वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

याचे फळ काय? मराठीत 'वेदना' म्हणजे दुःख. पालीत सुखद, दुःखद आणि या दोहोंवेगळी अशी प्रत्येक संवेदना वेदनाच. वेदनेतून तृष्णा उपजते, असे बुद्धवचन आहे. या दोहोंमधील सांध्यावर जो जागा राहतो, त्याला निवड करता येते. दिवसभराच्या शिणाने छाती धडधडते, कान तापतात. ते वेळीच जाणवले, तर लेकरावर उगारलेला हात खाली येतो, जिभेवरचा कठोर शब्द मागे फिरतो. घरातील शांती अशाच क्षणांवर तोललेली असते. पंचशीलाचे पालनही अशा भानावाचून केवळ मुखोद्गत राहते.

संबोधीपूर्वी सिद्धार्थांना सुजातेने खीर दिली, त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ आज आपल्याही हाती खिरीची वाटी येईल. तिचा पहिला घास तरी आपण तिचा गंध, ऊब आणि गोडी जाणत घेऊ या. आरंभाला तेवढेही पुरेसे आहे.