फी थकली, तरी फाइल अडवता येत नाही

थकलेल्या फीसाठी वकिलाने पक्षकाराची कागदपत्रे अडवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवले. १८७२च्या करार कायद्यातील कलम १७१ मधला, थकबाकीसाठी वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क ताब्यात दिलेल्या मालापुरता आहे. खटल्याची फाइल हा विकण्याजोगा माल नव्हे. शिवाय वकील बदलण्याचा हक्क पक्षकाराचा, आणि फाइलच हाती नसेल तर तो हक्क नावापुरताच उरतो. मग वकिलाच्या मेहनतान्याचे काय? आक्षेप रास्त आहे, पण वसुलीचे इतर कायदेशीर मार्ग त्याला खुले असतात. सुनावणीला कागदांविना उभ्या राहणाऱ्या पक्षकाराला दुसरा मार्गच नसतो. म्हणून अशी अडवणूक व्यावसायिक गैरवर्तन ठरते. अधिवक्ता अधिनियम, १९६१च्या कलम ३५ खाली त्यासाठी ताकीद, निलंबन किंवा थेट नोंदणी रद्द होऊ शकते.